पंडिता रमाबाई : त्यांचे दुःख व त्यांचा आनंद

वाचकहो, आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांतून पुष्कळ कुटुंबे पोटापाण्याच्या उद्योगास नवी मुंबईकडे गेली आहेत, हे आपणांस ठाऊकच आहे. कोणाचा भाऊ ऐरोलीस आहे, कोणाची लेक पनवेलीस नांदते, कोणाचा पुतण्या तुर्भ्यास माल चढवितो. सुखदुःखाच्या प्रसंगी त्यांच्याकडे जाण्याचे काम आमच्यावरही येते. गेल्या पावसाळ्यात आम्हांस कळंबोलीस अशाच एका घरी जावे लागले. तेथील लोखंड बाजारात हमाली करणारा त्या घरचा बावीस वर्षांचा मुलगा काविळीच्या दुखण्याने आठ दिवसांत गेला होता. त्याची आई भिंतीशी टेकून बसली होती. समाचारास आलेल्या कोणा बंधूने तिला असे सांगून ठेविले होते की, ख्रिस्ती मनुष्याने मेलेल्यासाठी रडत बसू नये, आणि ज्याच्या ठायी आनंद नाही त्याच्या ठायी विश्वासही नाही. तो बंधू सांगून निघून गेला. ही बाई मात्र तेव्हापासून दुहेरी दुःखात पडली. मुलगा तर गेलाच. आता आपला बाप्तिस्माही व्यर्थ गेला की काय, असे तिने आम्हांस विचारिले.

त्या दिवशी आम्ही तिच्यापाशी फारसे बोललो नाही. ताज्या दुःखात पुष्कळ बोलणे बरे नव्हे, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहो. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेलो, तेव्हा तिला पंडिता रमाबाईंची हकीकत सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने लिहितो. हे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. केडगावचे मुक्ती सदन पाहिलेलेही पुष्कळ असतील. परंतु बाईंच्या थोर कार्याचे वर्णन करिताना, त्यांनी किती जणांस मृत्यूच्या हवाली केले आणि त्यांस आनंद केव्हा व कोणत्या वाटेने मिळाला, या गोष्टीकडे लोकांचे लक्ष कमी जाते. आम्हांस आज तेवढेच सांगावयाचे आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागात गंगामूळ नावाच्या रानात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूर प्रांती राहणारे कोकणस्थ ब्राह्मण. ते तरुणपणी पुण्यास रामचंद्रशास्त्री यांजपाशी शिकले. हे शास्त्रीबोवा दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नीस संस्कृत शिकवीत असत. स्त्रियाही शिकू शकतात हे पाहून अनंतशास्त्र्यांच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या स्त्रीस शिकवावे. लोकांनी विरोध केला तेव्हा ते पत्नी लक्ष्मीबाई यांस घेऊन रानात जाऊन राहिले आणि तेथे त्यांस त्यांनी संस्कृत विद्या दिली. याच आईने पुढे रमाबाईंस भागवताचे हजारो श्लोक पाठ करविले. मूल सहा महिन्यांचे असता कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. त्या वेळी एका माणसाच्या डोक्यावरील वेताच्या पेटाऱ्यात घालून रमाबाईंस डोंगराखाली आणिले, अशी हकीकत आहे. तेव्हापासून त्यांस घर असे राहिले नाही. देवळांच्या ओवऱ्यांत, नदीच्या घाटांवर पुराण सांगावे आणि लोक देतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता.

१८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकावयास कोणी येईना. हे कुटुंब भिक्षा मागण्यास लाजणारे, आणि मजुरी करावी हे कधी शिकलेलेच नाही. होते ते देवधर्मात व दानात खर्च झाले. मग भांडी विकली, वस्त्रे विकली. शेवटी अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानटी खजूर यांवर काढिले. रमाबाईंनी पुढे स्वतः हे सर्व लिहून ठेविले आहे. वडिलांनी एका पवित्र तळ्यात देह टाकण्याचा निश्चय केला. तेव्हा थोरले बंधू श्रीनिवासशास्त्री पुढे झाले आणि आपण ब्राह्मणपणाचा अभिमान सोडून मजुरी करितो, असे म्हणून त्यांनी वडिलांस परतविले. पण आता फार उशीर झाला होता. वडील वारले. थोड्याच आठवड्यांत आईही वारली. आईचे प्रेत नेण्यास माणसे मिळेनात. मोठ्या मिनतवारीने दोघे ब्राह्मण आले. तिसरे श्रीनिवासशास्त्री आणि चौथी सोळा वर्षांची रमा. ती ठेंगणी, म्हणून तिरडीचा दांडा तिच्या खांद्यास लागेना. तेव्हा आपल्या वाट्याचा भार तिने डोक्यावर घेतला आणि स्मशानापर्यंत नेला. यानंतर वडील बहीण कृष्णाबाई पटकीने गेली.

वाचकहो, आईबापांचे मरण पुष्कळांच्या वाट्यास येते. परंतु आईस डोक्यावर वाहून नेणारी मुलगी आम्हांस दुसरी ठाऊक नाही.

आता भाऊबहीण दोघेच उरली. त्यांनी पायी चार हजार मैलांहून अधिक प्रवास केला. उत्तरेस काश्मीरपर्यंत गेली. थंडीच्या दिवसांत पांघरूण नसे, म्हणून झेलम नदीच्या काठी वाळूत खड्डे करून त्यांत निजावे आणि अंगावर डोक्यापर्यंत कोरडी वाळू ओढून घ्यावी. जिवंतपणी थडग्यात निजण्यासारखेच ते होते. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची विद्या पारखून त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. सर्वत्र नाव झाले. परंतु आतून त्यांची जुनी श्रद्धा ढासळत चालली होती. इतके व्रत, इतके दान, इतके पठण करूनही जिच्यावर असे प्रसंग आले, तिच्या मनात प्रश्न उभे राहणारच. कलकत्त्यास एका ख्रिस्ती मेळ्यात त्यांस संस्कृत पवित्र शास्त्राची प्रत मिळाली. ती भाषा व ते लेखन त्यांस अगदी निराळे वाटले आणि त्यांनी ते बाजूस ठेविले. आमच्या उपदेशकांनी हे लक्षात ठेवावे. पुस्तक हाती देणे म्हणजे शुभवर्तमान देणे नव्हे.

८ मे १८८० रोजी डाक्का येथे श्रीनिवासशास्त्री वारले. बहिणीचे पुढे कसे होईल, ही चिंता त्यांस अखेरपर्यंत होती. बावीस वर्षांच्या रमाबाई आता जगात एकट्या झाल्या. त्याच वर्षी जून महिन्यात त्यांनी बाबू बिपिनबिहारी मेधावी नावाच्या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हे गृहस्थ ब्राह्मण नव्हते. त्यामुळे दोन्हीकडील लोक रुष्ट झाले. आसामाकडील सिल्चर गावी त्यांनी संसार मांडिला. आयुष्यात प्रथमच रमाबाईंस आपले असे घर मिळाले. १६ एप्रिल १८८१ रोजी त्यांस कन्या झाली. तिचे नाव मनोरमा, म्हणजे मनास रमविणारी, आनंद देणारी. पुढे हे नाव पुन्हा येईल.

या घरातच, नवऱ्याच्या पुस्तकांत, रमाबाईंस बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमानाची एक लहान प्रत सापडली. नाईन गावच्या विधवेची हकीकत ज्यात आहे तेच हे शुभवर्तमान. ॲलन नावाचे बाप्तिस्त मिशनरी घरी येत. त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकातील गोष्टी समजावून सांगितल्या. रमाबाईंच्या मनात ख्रिस्ती व्हावे असे आले. नवऱ्यास ते रुचले नाही. परंतु हा वाद पुढे जाण्यास वेळच मिळाला नाही. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. लग्नास एकोणीस महिने झाले होते. मनोरमा अद्याप वर्षाचीही नव्हती.

येथपर्यंतची गणती करून पाहावी. वडील, आई, बहीण, भाऊ, नवरा. आणि हे सर्व आठ वर्षांच्या आत. ज्या काळात विधवेचे तोंड पाहणे अपशकुन मानीत, त्या काळात चोवीस वर्षांची विधवा पदरात मूल घेऊन पुण्यास आली.

पुण्यातील कामाविषयी येथे फार लिहीत नाही, कारण ते इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांनी आर्य महिला समाज काढिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, सरकारच्या शिक्षणविषयक हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. पंडित नेहेम्या गोऱ्हे यांसारख्या विद्वान ख्रिस्ती मनुष्याचा सहवास त्यांस येथेच घडला. वैद्यकी शिकावी या इच्छेने १८८३ मध्ये त्या मनोरमेस घेऊन विलायतेस गेल्या. बरोबर आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती. इंग्लंडात पोहोचल्यावर थोड्याच महिन्यांत या मैत्रिणीचे अत्यंत शोचनीय रीतीने मरण झाले. परक्या देशात, परक्या लोकांत, हे सहावे मरण. शिवाय ऐकू कमी येऊ लागल्यामुळे वैद्यकीची आशाही सोडावी लागली.

वाँटेज येथील ज्या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या होत्या, त्यांनी त्यांस लंडनजवळ फुलहॅम येथील एक आश्रम दाखविला. ज्या स्त्रियांस समाजाने टाकून दिले होते त्यांची शुश्रूषा तेथे भगिनी करीत असत. असे काम रमाबाईंनी पूर्वी कोठेच पाहिले नव्हते. तुम्ही हे का करिता, असा प्रश्न त्यांनी केला. तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून शमरोनी स्त्रीची कथा त्यांस वाचून दाखविली. पतित स्त्रीस जो हाकून लावीत नाही, तिच्यापाशी पाणी मागतो आणि तिलाच जीवनाचे पाणी देतो, असा प्रभू आपल्यासारख्यांचा तारणारा असू शकेल, हे त्यांस त्या दिवशी पटले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मायलेकींनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एखादा घाईचा चरित्रकार लेखणी खाली ठेवील आणि म्हणेल, पाहा, दुःख गेले व आनंद आला. परंतु तसे झाले नाही, आणि ही गोष्ट रमाबाईंनी स्वतः कधी लपविली नाही. बाप्तिस्म्यानंतर त्यांच्यापुढे निरनिराळ्या पंथांच्या मतांचा मोठा गोंधळ उभा राहिला. एक जण एक शिकवी, दुसरा दुसरे. भगिनींशी व बिशपांशी त्यांचा पत्रव्यवहारातून कडाक्याचा वाद झाला. चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या कॉलेजात त्यांनी १८८४ पासून १८८६ पर्यंत शिक्षण घेतले आणि संस्कृत शिकविले. मग डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या. ही गुणी मुलगी त्यांच्या नात्यातील. दुसऱ्याच वर्षी, १८८७ च्या फेब्रुवारीत, ती पुण्यास वारली. अद्याप बावीस वर्षे पुरी झाली नव्हती. रमाबाईंनी त्याच वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले, ते आपल्या आईच्या स्मृतीस अर्पण केले. व्याख्याने दिली, पैसा जमविला आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ विधवांकरिता शारदा सदन उघडिले. पहिल्या विद्यार्थिनींतील गोदूबाई यांचा पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. नवी मुंबईचे नावही तेव्हा नव्हते. खाडीच्या पलीकडे बेलापूर, पनवेल, उरणाकडे मिठागरे, भाताची खाचरे आणि कोळ्यांची होडकी एवढेच होते. १८९० च्या नोव्हेंबरात सदन पुण्यास गेले.

अशी ही कीर्तीची वर्षे. तरी त्या वर्षांत बाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती. त्या ख्रिस्ती होत्या, प्रार्थना करीत, शास्त्र वाचीत, परोपकाराचे काम करीत. आणि तरी आत एक रिकामी जागा आहे असे त्यांस जाणवे. बाप्तिस्म्यास आठ वर्षे होत आली तेव्हा विल्यम हॅस्लाम नावाच्या इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य पाळकपणाचे काम पुष्कळ वर्षे करीत होता, तरी त्यास स्वतःस नवा जन्म मिळाला नव्हता. आणि एके दिवशी आपल्याच मंडळीपुढे उपदेश करीत असता, तेथेच व्यासपीठावर, त्यास तो मिळाला. हे वाचून रमाबाईंनी आपल्या अंतःकरणास प्रश्न केला. उत्तर असे आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ज्याच्यावर तो धर्म उभा आहे तो ख्रिस्त आपण धरिला नाही. विद्येने पटले होते. जीव मात्र टाकिला नव्हता. आपल्या पात्रतेचा, पंडितपणाचा, चांगल्या कामांचा हिशेब बाजूस ठेवून त्यांनी जशा होत्या तशा स्थितीत स्वतःस प्रभूच्या पदरात घातले. आणि मग तो आनंद आला. तो इतका होता की तो स्वतःपाशी ठेवणे त्यांस अशक्य झाले. उपाशी भिकाऱ्यास कोठे अन्न वाटीत आहेत हे कळले म्हणजे तो जसा धावत जाऊन आपल्या सोबत्यांस सांगतो तसे आपणांस झाले, असा दाखला त्यांनी पुढे दिला. उपास म्हणजे काय हे ज्यांनी रानात अकरा दिवस अनुभविले होते, त्यांच्या तोंडी हा दाखला केवळ अलंकार नव्हे.

बंधुभगिनींनो, या आठ वर्षांविषयी थोडे बोलू द्या. आमच्या मंडळ्यांत अशी पुष्कळ माणसे आहेत की, ज्यांचा बाप्तिस्मा झाला, नाव वहीत चढले, रविवार चुकत नाही, परंतु आनंद म्हणतात तो काय, हे त्यांस ठाऊक नाही. आणि ती लाजून गप्प राहतात. उपदेशकही त्यांत असतात, आम्ही कानावर आलेलेच लिहितो. त्यांनी जाणावे की पंडिता रमाबाईंसारखी स्त्रीदेखील आठ वर्षे या वाटेवर होती. प्रभूने त्या आठ वर्षांत तिला टाकून दिले नव्हते.

या आनंदाने दुःख आटोपले काय? मुळीच नाही. १८९३ मध्ये सदनातील मुली ख्रिस्ती होत आहेत म्हणून पुण्यात मोठा गहजब उडाला. ज्या पुढाऱ्यांनी प्रथम साह्य केले होते ते दूर झाले आणि पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. आपल्या हातची लेकरे अशी जाताना पाहणे हेही एक प्रकारचे मरणच. आम्हांस वाटते की त्या वादात दोन्ही बाजूंकडे थोडाबहुत दोष होता. परंतु बाईंनी काम सोडिले नाही व मनात कडवटपणा धरिला नाही.

पुढे १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडल्याची बातमी आली. रमाबाईंस आपला वीस वर्षांपूर्वीचा दुष्काळ आठवला. त्या वेळी त्यांच्यापाशी पैसा नव्हता, मोठ्या संख्येस पुरेल अशी जागाही नव्हती. तरी त्या स्वतः निघाल्या. तेथील गरीबखान्यांत व रस्त्यांवर हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या, आणि कित्येक दुष्ट माणसे त्यांस फसवून नेण्यास टपलेली पाहिली. तीनशेच्या सुमारास मुली व स्त्रिया त्यांनी जमविल्या. इकडे पुण्यात प्लेग सुरू झालेला. शहरात इतकी माणसे ठेवण्याची सोय नाही. तेव्हा पुण्याच्या पूर्वेस दौंडच्या लोहमार्गावर केडगाव येथे सदनासाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन होती, तेथे तंबू व झोपड्या उभारून त्यांस नेले. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या जवळ गेली.

त्या आणलेल्या मुली सर्वच जगल्या असे नाही. कित्येकींच्या पोटात अन्न राहण्याची शक्तीच उरली नव्हती. त्यांची प्रेते बाईंनी पाहिली. जी स्त्री एके काळी आपल्या आईच्या तिरडीस चौथा माणूस मिळेना म्हणून डोके लाविते झाली, तिच्या घरी आता कोणीही मुलगी एकटी मरत नव्हती. आम्हांस रमाबाईंच्या आनंदाची ओळख येथे सर्वांत जास्त पटते. तो आनंद दुःखापासून पळाला नाही. ज्या दुष्काळाने त्यांचे सर्व हिरावून घेतले, त्याच दुष्काळाच्या तोंडात हात घालून त्यांनी शेकडो लेकरे बाहेर ओढिली. पूर्वी झालेल्या जखमेवरून त्यांस कळले की भुकेल्या मुलीस प्रथम काय पाहिजे, तिला भीती कशाची वाटते, तिच्याशी कसे बोलावे. मुक्तीत शेती होती, विहिरी खणल्या होत्या, माग होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अमेरिकेत शिकून १९०० मध्ये परत आलेल्या मनोरमाबाईंनी अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले, आणि त्या मुली टोपल्या विणून स्वतःच्या हाताचे खाऊ लागल्या. आंधळ्या अनाथ मुलीच्या हाती पहिली पुरी झालेली टोपली म्हणजे काय, हे ज्यास समजेल त्यास आनंद या शब्दाचा अर्थ अधिक सांगण्याची जरूर नाही.

१९०५ च्या जूनअखेरीस मुक्ती सदनात जे मोठे आत्मिक जागरण झाले त्याविषयी जगभर लिहिले गेले. त्याआधी कित्येक महिने मुली व स्त्रिया रोज प्रार्थनेस जमत होत्या. पापांच्या जाणिवेने मोठ्याने रडणे, मग क्षमेची खात्री होऊन गाणे, असा तो प्रकार चालला. काहींनी त्यास नावे ठेविली, काहींनी तशीच मोठी हाक आपल्या मंडळीतही व्हावी म्हणून खटपट केली. आमचे मत असे की मोठा आवाज हे आनंदाचे माप नव्हे, आणि त्याची नक्कल तर मुळीच करू नये. तथापि एवढे खरे की, आपले लहानपण उपासात व भीतीत गेलेल्या त्या मुलींस प्रथम रडावयास जागा मिळाली. दुष्काळात त्यांस रडावयासही बळ नव्हते.

बाईंचे उतारवय एका मोठ्या कामात गेले. सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर खेड्यातील अडाणी स्त्रीस कळेल अशा सोप्या मराठीत करावे, हा त्यांनी ध्यास घेतला. त्यासाठी त्या उतारवयात इब्री व ग्रीक भाषा शिकल्या. कान जवळजवळ गेले होते. लोकांशी बोलणे कठीण, म्हणून अधिकाधिक वेळ मेजाशी. ज्यांच्या विद्येची एके काळी कलकत्त्याच्या पंडितांनी वाहवा केली, त्यांनी ती सारी विद्या आता जड शब्द काढून हलके शब्द घालण्यात खर्च केली. कलकत्त्यास मिळालेले ते संस्कृत पुस्तक आपणांस परके वाटले, हे त्या विसरल्या नसाव्यात. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या, कागद दाबणाऱ्या सर्व सदनातीलच स्त्रिया. त्यांतील कितीएक दुष्काळातून आणिलेल्या.

काम शेवटास येत होते. आपल्यामागे सदनाचा भार मनोरमाबाई वाहतील, अशी सर्वांची समजूत होती. त्या चाळीस वर्षांच्या, विद्वान, शांत स्वभावाच्या आणि मुलींच्या आवडत्या होत्या. पण हृदयाच्या दुखण्याने त्यांची प्रकृती खालावली आणि २४ जुलै १९२१ रोजी त्या वारल्या.

आईबाप, भावंडे, नवरा, सखी, सर्व गेल्यावर जे एक माणूस उरले होते, सिल्चरच्या घरात जिला मनाचा आनंद असे नाव दिले होते, तीही गेली. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. या मरणाने त्यांस दुःख झाले नाही असे जो म्हणेल तो त्यांस देवता करू पाहतो, बाई राहू देत नाही. लाजराच्या कबरेपाशी प्रभू रडला. आणि थोड्याच वेळाने आपण त्यास उठविणार हे त्यास ठाऊक होते, तरी रडला. मग आमच्या रडण्यास कोणी दोष का द्यावा? प्रेषित पौलाने थेस्सलनीकरांस जे लिहिले त्यातही शोक करू नका असे नाही. ज्यांस आशा नाही त्यांच्यासारखा करू नका, इतकेच आहे. रमाबाईंनी मुलीस मातीच्या स्वाधीन केले आणि त्या पुन्हा मेजाशी बसल्या. छापखान्यातून प्रुफे येत राहिली आणि त्या ती तपाशीत राहिल्या. पूर्वी एका मरणानंतर त्या रानोमाळ भटकल्या होत्या, दुसऱ्यानंतर त्यांची श्रद्धा मोडली होती. या शेवटच्या मरणानंतर त्या आपल्या जागेवरून हलल्या नाहीत. तीस वर्षांपूर्वी पुण्यास जे मिळाले होते ते खरे होते की नाही, याची परीक्षा येथे झाली असे आम्ही समजतो.

त्यांची स्वतःचीही प्रकृती छातीच्या विकाराने मोडत चालली होती. शास्त्राची अखेरची प्रुफे हातावेगळी झाल्यावर लवकरच, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे त्या प्रभूकडे गेल्या. सबंध पुस्तक छापून १९२४ मध्ये बाहेर पडले.

ही हकीकत आम्ही कळंबोलीस त्या घरी सांगितली तेव्हा बाहेर पाऊस लागला होता आणि शेजारच्या दोन बाया येऊन बसल्या होत्या. मुलाची आई मध्येच रडली. तिला कोणी थांबविले नाही. शेवटी तिने इतकेच विचारिले की, मनोरमा गेली तेव्हा आईचे वय काय होते. त्रेसष्ट, असे आम्ही सांगितले. थोड्या वेळाने ती उठली, तिने कोनाड्यातून मुलाचे शास्त्र काढून आमच्या हाती दिले आणि सिल्चरच्या घरात बाईंस जे सापडले होते त्यातले काही वाचा, असे म्हणाली. आम्ही लूककृत शुभवर्तमानाचा सातवा अध्याय, नाईन गावच्या वेशीपर्यंत व तेथून पुढे, सावकाश वाचला. मग तिने चहाचे आधण ठेविले.